लिहायला काय लागतं?

(वरवट बकाल, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा येथे बचत गटांतल्या बायकांसाठी घेतलेल्या वाचन-लेखन-चित्र शिबिरातलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना थोडी काटछाट केली आहे.)



सकाळी मी इथे आले तेव्हा दारातच एका मावशींनी मला विचारलं, "ताई, आज कायची मिटिंग हाये? कर्जाची?" मी म्हटलं, "नाही मावशी, आज लिहायची, वाचायची आणि चित्रं काढायची." त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग पोरीले पाठोतो. माहं काय काम?" आणि चपला घालून निघाल्यासुद्धा. त्यांना थांबवायला मला दहा मिनिटं लागली. आता त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत, हसताहेत. मी त्यांचं नाव सांगत नाही. पण त्यांचा प्रश्न मात्र घेते, कारण मला आज त्याच्यावरच बोलायचं आहे. लिहिण्या-वाचण्यात, चित्रात 'माझं काय काम?'

हा प्रश्न आपल्याला सुचत नाही, तो आपल्याला शिकवलेला असतो. लिहिणं म्हणजे शिकलेल्या माणसाचं काम, त्यातही पुरुषाचं, त्यातही शहरातल्या. त्याला म्हणे प्रेरणा लागते. डोंगर, नदी, एकांत, चहाचा कप. आपल्याकडे डोंगर आहे, उत्तरेला सातपुडा दिसतोच. एकांत मात्र नाही. पहाटे उठून पाणी, सडा, चूल, डबे, शेत, परत येऊन पुन्हा चूल. त्यातून प्रेरणा कुठून यायची? मी आज असं सांगणार आहे, की ती याच्यातूनच येते. आपल्याकडे सांगण्यासारखं नाही असं मुळीच नाही. ते सांगण्यासारखं आहे असं आपल्याला कुणी म्हटलेलं नाही, एवढंच.

आधी माझीच एक चूक सांगते. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. तिथे आम्हाला अहवाल लिहायला शिकवलं. 'महिलांमध्ये जागृती निर्माण झाली', 'लाभार्थींचा प्रतिसाद समाधानकारक होता', अशी वाक्यं मी डोळे झाकून लिहू शकते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात गटबैठकीत एक बाई बोलायला उठली. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला शेतातून कसं बाहेर काढलं, ती परत कशी गेली, बांधावर कशी बसून राहिली, हे तिनं सांगितलं. मध्येच, बोलता बोलता, तिनं दोन ओव्या म्हटल्या. तिच्या आईच्या. सगळ्या बायका रडल्या. मी ते सगळं टिपून घेतलं, अहवालात घातलं, एका पुस्तिकेत ते छापूनही आलं. मी मोठ्या अभिमानानं पुस्तिका घेऊन तिच्याकडे गेले आणि वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "सारं बरोबर हाये ताई. पन माहं नाव कुठं हाये? अन् म्या गानं म्हनलं होतं, ते कुठं हाये?"

नाव नव्हतं. 'एक लाभार्थी महिला' असं होतं. तिला नाव द्यायचं आहे की नाही, हे मी विचारलंच नव्हतं. आणि ओव्या मी गाळल्या होत्या, कारण अहवालात गाणं कुठे घालतात? सासरच्यांनी तिची जमीन घेतली होती, मी तिचे शब्द घेतले. दोन्ही तिला न विचारता. तो दिवस मी विसरलेले नाही. म्हणून आज मी तुमच्यावर काही लिहायला आलेली नाही, तुम्ही लिहावं म्हणून आले आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडच्या बाईनं कधी लिहिलंय का? लिहिलंय. आणि ती लांबची नाही, आपल्याच जिल्ह्यातली. आपण घाटाखालच्या, ती घाटावरची, बुलढाण्याची. ताराबाई शिंदे. तिचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाचे होते. त्यांनी मुलीला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं. ताराबाईनं १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. पुण्याला छापलं, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक तिला कशावरून सुचलं, ते बघा. सुरतेला विजयालक्ष्मी नावाची एक तरुण विधवा होती. तिला दिवस गेले, बदनामीच्या भीतीनं तिनं जन्मलेलं मूल मारलं. १८८१ साली कोर्टानं तिला आधी फाशीची शिक्षा सांगितली, मग अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून त्यावर चर्चा सुरू झाली, आणि चर्चा कशाची, तर बायकांची नीती कशी बिघडली याची. तो पुरुष कोण होता, हे कुणी विचारेना. विधवेनं पुन्हा लग्न करायचं नाही असं ठरवलं कुणी, हेही कुणी विचारेना. बुलढाण्यात बसून ताराबाईनं ते वाचलं आणि तिला राग आला. त्या रागाचं पुस्तक झालं. ज्या ज्या दोषांसाठी तुम्ही बाईला नावं ठेवता, ते तुमच्यात नाहीत का, असं तिनं पुरुषांना एकेक दोष घेऊन विचारलं. तिची भाषा चुलीजवळची आहे, भांडणाची आहे, टोमण्यांची आहे. आपण ओट्यावर बसून बोलतो तशी. संस्कृत श्लोक पाठ करून ती बोलत नाही.

म्हणजे प्रेरणा काय होती? पेपरातली बातमी. आजही आपल्याकडे रोज बातमी येते. 'विवाहितेनं विहिरीत उडी घेतली', 'घरगुती कारणावरून'. आपण वाचतो, चुकचुकतो आणि त्याच कागदात भाकरी बांधतो. ताराबाईनं भाकरी बांधण्याआधी विचारलं, 'घरगुती कारण' म्हणजे नेमकं कोणतं कारण?

तिला याबद्दल शाबासकी मिळाली नाही. टीकाच झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली, पण तेवढंच. ताराबाईचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही. आणि हे पुस्तकही लोक विसरून गेले. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं, तेव्हा नव्वदेक वर्षांनी ते आपल्यापर्यंत आलं. बुलढाणा जिल्ह्यात शाळा शिकून मी मोठी झाले, पण ताराबाईचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजात. तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलं होतं? हात वर करा. (दोन हात वर.) बघा.

आता कुणी म्हणेल, ताराबाईचे वडील शिकलेले होते, आमचं तसं कुठे आहे? मग फलटणच्या बेबी कांबळे यांचं ऐका. महार समाजात जन्म, लहान वयात लग्न, मुलांचं लटांबर, गरिबी. नवऱ्याबरोबर त्या एक छोटं दुकान चालवत. दुकानात माल बांधायला रद्दी येई. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या रद्दीतले कागद वाचत. वाचता वाचता त्यांना वाटलं, आपल्या आजीचं, आपल्या वस्तीतल्या बायांचं, बाबासाहेबांच्या चळवळीनं बदललेलं जिणं कुणी लिहिलेलं दिसत नाही. मग त्या लिहायला लागल्या, तेही दुकानात बसूनच. आणि लिहिलेल्या वह्या वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवल्या. का? नवऱ्याच्या भीतीनं. ज्या बाईनं आपल्या समाजावरचा अन्याय लिहिला, तिला ते घरात लपवावं लागलं, हे लक्षात ठेवा. 'जिणं आमुचं' हे ते पुस्तक. आज ते इतर भाषांतही वाचलं जातं. त्याचा उगम रद्दीच्या गठ्ठ्यात आहे.

आणि थोडं लांबचं एक. बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकात राससुंदरी देवी नावाची बाई होती. बाईनं वाचलं तर नवरा मरतो, असं तेव्हा मानत. तिनं पोथीचं एक पान आणि मुलानं गिरवलेलं ताडपत्र स्वयंपाकघरात लपवून ठेवलं. काम करता करता एकातलं अक्षर दुसऱ्यातल्या अक्षराशी ताडून बघायची. अशी ती वाचायला शिकली, पुढे लिहायलाही, आणि तिनं बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र लिहिलं. शाळा कुठली? स्वयंपाकघर.

म्हणजे बघा, एकीचा पेपर, एकीची रद्दी, एकीची पोथी. वाचनातूनच लिहिणं सुरू झालं. म्हणून मी पहिली गोष्ट सांगते ती वाचनाची. पुस्तकं नाहीत म्हणून थांबू नका. मुलीचं पाचवीचं मराठीचं पुस्तक आहे ना घरात? तिचा अभ्यास घेताना एक धडा आपण वाचायचा. गटाच्या मिटिंगमध्ये हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं ऐकणं हेही वाचनच आहे, आणि बोलायला सगळ्यांत आधी त्याच लागतात, हा माझा अनुभव आहे. वाचताना एकच सवय लावून घ्या. यात बाई कुठे आहे, काय करते आहे आणि तिला कुणी काही विचारलं आहे का, हे बघायचं. रेशनच्या दुकानातल्या फळ्यापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं असं वाचता येतं. पत्रिकेवर बाईचं नाव कुठे असतं आणि आजीचं का नसतं, यावर एका गटात आमची दीड तास चर्चा झाली होती.

दुसरं, लिहिण्याचं. इथे मी तुम्हाला एका गटातल्या बाईची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगते आहे, नाव सांगू नको म्हणाली आहे. चौथीपर्यंत शिकलेली. कापूस वेचायला जाते. वेचणीची मजुरी किलोवर, हे तुम्हाला मी काय सांगणार. संध्याकाळी काट्यावर जे वजन भरेल ते मालकाच्या वहीत लिहिलं जातं आणि हिशेब नंतर होतो. ही बाई घरी आली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत किलो लिहून ठेवायची. एवढंच. पण चौकटीत जागा उरायची. मग त्यात ती आणखी दोन शब्द लिहू लागली. '१८ किलो. बोटं फुटली.' 'पाऊस. वेचणी नाई.' '२२ किलो. पोरीले ताप.' 'माय आलती. गेली.'

हिशेबाच्या दिवशी मालकाच्या वहीतला आकडा आणि तिचा आकडा जुळेना. मालक म्हणाला, तुला काय आठवणार. ती घरी गेली, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपसून घेऊन आली आणि त्याच्यापुढे पानं उलटत एकेक दिवस वाचू लागली. बरोबरच्या बाया म्हणाल्या, हो, त्या दिवशी पाऊस होता, हो, त्या दिवशी तिची पोरगी आजारी होती. फरक मिळाला. पुढच्या हंगामात त्या टोळीतल्या आणखी बायकांनी कॅलेंडरवर किलो लिहायला सुरुवात केली.

नंतर तिनं गटात ते कॅलेंडर आणलं आणि आम्ही वरून खाली वाचलं, एक महिना, एकापाठोपाठ एक तारीख. कुणी बोलेना. 'माय आलती. गेली.' या तीन शब्दांवर एक बाई उठून बाहेर गेली. मी तिला विचारलं, "असं लिहायचं तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "कोन शिकोते ताई? जागा रिकामी होती."

मैत्रिणींनो, लिहायला काय लागतं, याचं मला मिळालेलं हे सगळ्यांत चांगलं उत्तर आहे. कॅलेंडरची रिकामी जागा आणि रोजचे चार शब्द. मोठं लिहू नका. 'आजचा दिवस फार कठीण गेला' असं लिहू नका, ते कुणीही लिहील. काय झालं ते लिहा. हापशीवर किती वेळ उभी राहिले. आपला हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. डाळ शिजत नाही, चहा फाटतो, लोकांना किडनीचे आजार होतात. पाण्यावर तज्ज्ञांनी अहवाल लिहिले. पण त्या पाण्याची चव, गोडं पाणी कुणाच्या विहिरीवर मिळतं आणि तिथे कुणाला भरू देत नाहीत, दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी काय विकलं, हे ज्या बाईनं डोक्यावर हंडा वाहिला तिनंच लिहायला पाहिजे. तिच्याइतकं ते कुणाला माहीत नाही.

ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी सांगावं, दुसरीनं लिहावं. यात कमीपणा नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेजारच्या खानदेशातल्या त्या शेतकरी बाई. जात्यावर, शेतात, कामं करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी ती वेळोवेळी उतरवून घेतली, म्हणून वाचली. त्या १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आपल्या आज्यांच्या घरात सोपानदेव नव्हते, म्हणून त्यांची गाणी जात्याबरोबर गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यातल्या कार्यकर्त्या बायकांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. गाणारीचं नाव आणि गाव लिहून. मी माझ्या त्या पुस्तिकेत जे केलं नाही, ते त्यांनी केलं. इथे आश्विनात भुलाबाईची गाणी म्हणता ना? कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन म्हणतात आणि डब्यातला खाऊ ओळखतात. त्यातली सासर-माहेरची गाणी एका वहीत उतरवा. कुणी सांगितलं ते नाव खाली लिहा. एका गावाची एक वही झाली तरी पुष्कळ झालं.

तिसरं, चित्राचं. "आमाले चित्र येत नाई" असं म्हणणाऱ्या बायका रोज दारात रांगोळी काढतात, नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात. ते चित्र नाही, कारण ते बायका काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. ठाणे-पालघरकडच्या वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर सवाशिणी काढत, तांदळाच्या पिठानं. १९७० नंतर हीच चित्रं कागदावर आली, त्यांना बाजार आला, नाव आलं. जिव्या सोमा मशे मोठे चित्रकार होते, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण पिढ्यान् पिढ्या चौक काढणाऱ्या बायकांपैकी किती नावं आपल्याला माहीत आहेत? काम भिंतीवर असतं तोवर ते बाईचं, ते कागदावर आलं आणि पैसा आला की नाव दुसऱ्याचं. म्हणून चित्राखालीही नाव घाला.

चित्राचा आणखी एक उपयोग सांगते. गावाचा नकाशा. तलाठ्याकडे असतो तो नाही. जमिनीवर रांगोळीनं आपला आपण काढायचा. आपलं घर, पाणी, शाळा, दवाखाना, संडासला जायची जागा, अंधारातून जाताना भीती वाटते तो रस्ता. जिथे भीती वाटते तिथे लाल ठिपका. एका गावात आम्ही असा नकाशा काढला तेव्हा प्रत्येक बाईनं न बोलता एकाच वळणावर लाल ठिपका ठेवला, आणि पोरींनी तर मूठभर कुंकू ओतलं. त्या वळणाबद्दल तोवर कुणी कुणाशी बोललं नव्हतं. ज्या गोष्टीला तोंडानं शब्द फुटत नाही, तिला हात वाट काढून देतो. तो नकाशा कागदावर उतरवून बायका ग्रामसभेत गेल्या आणि दिव्याची मागणी लिहून दिली.

आता अडचणी. त्या नाहीत असं मी म्हणणार नाही. घरचे हसतात. 'झाली मोठी लेखिका' म्हणतात. हसू द्या, ताराबाईलाही हसले. वेळ मिळत नाही. खरं आहे, आणि वेळ मिळत नाही हे वैयक्तिक दुःख नाही, घरकामाची वाटणी कशी आहे त्याचा तो प्रश्न आहे. त्यावरही लिहा. दिवसभर कोणतं काम कुणी केलं, एवढीच यादी दोन रकान्यांत करून बघा.

पण एक अडचण गंभीर आहे. ज्या घरात मारहाण आहे, तिथे वही सापडली तर मार वाढू शकतो. अशा मैत्रिणीनं घरात लिहू नये. वही गटाच्या पेटीत किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवावी. लिहिताना तारीख जरूर घाला. कधी मारलं, कशानं, कुणी पाहिलं, दवाखान्यात गेलात का. उद्या २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागायची झाली, तर 'नेहमीच मारतो' यापेक्षा तारखेसकट सांगितलेलं सांगताही नीट येतं आणि समोरच्याला उडवूनही लावता येत नाही. आणि आपण काय लिहिलं ते कुणाला दाखवायचं, नाव घालायचं की नाही, हे फक्त लिहिणारीनं ठरवायचं. गटात ऐकलेलं गटाबाहेर न्यायचं नाही. हा नियम मलाही लागू.

जास्त बोलले. आता चहा होईल. त्यानंतर प्रत्येकीला एक कागद मिळेल. त्यावर आज सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत जे झालं, त्यातली एकच गोष्ट लिहायची किंवा काढायची. पाच ओळी पुष्कळ. अक्षर येत नसेल तर शेजारणीला सांगा, ती तुमच्या शब्दांत लिहील, सुधारून लिहिणार नाही. वऱ्हाडीत बोललात तर वऱ्हाडीतच लिहायचं. वाटलं तर खाली नाव घाला. स्वतःचं नाव, अमक्याची बायको असं नाही.

आणि मागच्या रांगेतल्या मावशी, तुम्ही सकाळी चपला घालून परत निघाला होतात ना? तेच लिहा. का निघालात, आणि का थांबलात. लेक नको, तुम्हीच सांगा. मी लिहून घेते.